नळ म्युनिसिपाल्टीचा

डिलाईल रोडच्या चाळीतून बकुळेचं बिऱ्हाड हललं तेव्हा हातगाडीवर सगळ्यात शेवटी जातं चढलं. ते ठेवल्याबरोबर गाडी मागच्या अंगाला अशी कलली की गाडीवाला म्हणाला, "बाई, तिकडं देऊळ बांधताय काय?"

"देव राहिला न्हाय आता आमच्यात," बकुळा म्हणाली. "दळायला नेतेय."

तिचा धाकटा दीर गणपत जिन्यावरून दगड उतरवताना घामाघूम झाला होता. तो म्हणाला, "वहिनी, तिकडं चक्की हाय. दादानं सांगितलं ना. हा धोंडा कशापाय?"

"तुझी आई महाडाकडनं बोटीनं मुंबईला आली तवा तिच्याबरोबर दोन जिनसा होत्या. एक जातं आन् एक तुझा दादा. दोन्ही मी सांभाळलेत. त्यातलं एक आता टाकून जाऊ?"

गणपत दादाकडं बघून हसला. दादा, म्हणजे कुशाबा, दोरी आवळत होता. तोही हसला, पण त्याचं ध्यान दुसरीकडं होतं. चाळीतली खोली त्यानं सोडली नव्हती. गणपत तिच्यात राहणार होता आणि वारलेल्या सासूची लोखंडी खाटही तिथंच ठेवली होती. "असू दे," तो बकुळेला म्हणाला होता. "न जमलं तर परत यायला जागा पायजे."

बकुळेला ते आवडलं नव्हतं. पण तिनं मुलीचा, नलूचा हात धरला आणि गाडीमागं चालायला लागली.

घर तिच्या घामाचं होतं. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात ती लग्नाआधीपासून बॉबिनं भरत आलेली. मग नवी यंत्रं आली आणि खात्यातल्या बायका कमी केल्या. हातावर जे पैसे ठेवले त्यात गळ्यातल्या पुतळ्यांची माळ घालून तिनं हे घर घेतलं. वसईचा पास्कू सुतार गावाकडं परतत होता, त्याचं घर. माटुंग्याच्या पुढं, रूळ ओलांडून वडाळ्याच्या अंगाला जांभळाची वाडी म्हणून बैठ्या घरांची वस्ती होती, तिथं. वर कौलं, पुढं पडवी, मागं न्हाणीला आडोसा आणि पास्कूनं लावलेली शेवग्याची दोन झाडं. चाळीत एका खोलीत सासू, दीर, दोन गाववाले आणि पडद्यामागं नवराबायको असं आयुष्य गेलेल्या बाईला ती पडवी केवढी वाटली असेल.

घर बघून आल्यावर कुशाबानं तिला तिथल्या सोयी सांगितल्या होत्या. गिरणीत तो सूत कातायच्या साच्यावर होता आणि साच्यावरच्या माणसाला एकेक बॉबिन निरखायची सवय असते, तसं त्यानं बोटावर मोजून सांगितलं. शाळा रस्त्यापलीकडं, नलूला चालत जाता येईल. दवाखाना हाय. वाण्याचं दुकान हाय. चक्की हाय. किंग्ज सर्कलला ट्राम मिळते. वाडीच्या मधोमध जांभळाखाली नळ.

"नळ कुणाचा?" बकुळेनं विचारलं.

"म्युनिसिपाल्टीचा."

"मग झालं तर."

कुशाबानं सगळं बघितलं होतं. नळावर कोण उभं असतं तेवढं बघायचं राहिलं.

*

पहिल्या सकाळी बकुळा हंडा घेऊन गेली. तिथं रीत अशी की पाणी यायच्या आधी आपापला हंडा रांगेत ठेवायचा, घरचं काम उरकायचं आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला की यायचं. हंडा म्हणजे नंबर. बकुळेनं हंडा ठेवला, घरी जाऊन चूल पेटवली आणि परत आली तर तिचा हंडा रांगेबाहेर, जांभळाच्या मुळाशी.

तिला वाटलं, कुणाच्या लुगड्याचा धक्का लागला असेल. तिनं तो उचलून जागेवर ठेवला. तेवढ्यात एक काठी पुढं आली. काठीची मूठ वाकडी आणि मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली. त्या मुठीनं हंड्याचा काठ अलगद पकडला आणि ओढत ओढत हंडा परत मुळाशी नेला. हाताचा स्पर्श कुठं नाही.

काठी गंगुबाईची. गंगुबाई वाडीतली सगळ्यात जुनी बाई. मालवणकडची, विधवा, दोन घरांची मालकीण. वाडीत कुणाचं बारसं असो, कुणाचं मयत असो, आधी तिला विचारायचं.

"आजी, माझा नंबर हाय तो," बकुळा म्हणाली.

"तुका कोण नाय म्हणता गो?" गंगुबाईचा आवाज मऊ होता. "भर मगे. सगळ्यांचा झाला की शेवटाक भर. पाणी काय पळान जाता?"

पाणी पळून जायचंच. सगळ्यांचं होईपर्यंत धार करंगळीएवढी व्हायची. बकुळा अर्धा हंडा घेऊन घरी यायची.

दुसऱ्या दिवशी तिनं हंडा पुन्हा रांगेत ठेवला. काठीनं पुन्हा काढला. तिसऱ्या दिवशी तेच. आता तिच्या हंड्याच्या पुढंमागं बायका हातभर जागा सोडू लागल्या, धातूला धातू लागू नये म्हणून. बकुळा भांडली नाही. पण तिनं रांगेच्या शेवटी हंडा एकदाही ठेवला नाही. आल्या नंबरावर ठेवायची. काढला की परत ठेवायची. काठी थकली नाही आणि तीही थकली नाही.

कुशाबाला हे नलूकडून कळलं. पडवीत तंबाखू मळता मळता तो म्हणाला, "बकुळे, रेल्वेच्या क्वार्टरात आपलं लोक हायत. तिथनं आणू पाणी. मी आणीन कामावर जायच्या आधी."

"नको."

"कोण भांडत बसणार रोज?"

"मी कुठं भांडते? हंडा ठेवते."

"बघ. मला गिरणीत हे पुरं झालंय." त्यानं तंबाखू तोंडात टाकली. मागावर आपल्या माणसाला घेत नाहीत, कारण तुटलेला धागा तिथं तोंडानं ओढावा लागतो, हे बकुळेला सांगायची गरज नव्हती. मागावर पगार जास्त. कुशाबा साच्यावरच म्हातारा व्हायला लागला होता. "पगार होईस्तवर बघू," तो म्हणाला. "न्हाय जमलं तर गाडी घेऊन येतो. खोली हाय आपली. तिथं नळावर कुणी काठी घालत न्हाय."

बकुळेनं त्याला एका जुन्या गोष्टीची आठवण करून दिली. वाइंडिंग खात्यात पाण्याचे माठ दोन होते, एक सगळ्यांचा आणि एक यांच्या लोकांचा. एकदा यांचा माठ फुटला. मुकादमीण नवा आणायला निघाली तेव्हा बकुळा म्हणाली, "कशाला? एकात भागतंय." आणि उरलेल्या माठातनं लोटा भरून प्याली. थोडे दिवस काही बायका घरून बाटली आणत. मग उन्हाळा आला आणि सगळ्या त्याच माठावर आल्या.

"तिथं माठ फुटला व्हता," कुशाबा म्हणाला. "नळ थोडाच फुटतोय."

*

पगाराचा दिवस आला नाही. त्याच्या आधी जानेवारीतले ते दिवस आले.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. हरताळ पडला, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. ट्राम बंद, दुकानं बंद. कुशाबा पाळीवरून सुटून चाळीत गणपतकडं थांबला होता, तो तिकडंच अडकला. वाडीत बकुळा आणि नलू दोघीच.

जांभळाखाली नळाच्या खांबावर गेरूनं लिहिलं होतं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. नलूनं ते आईला वाचून दाखवलं होतं. लिहिणारा शेजारचा रघुवीर, ट्राम कंडक्टर. त्याला मोर्चात धरून नेलं होतं. घरी त्याची बायको यशोदा आणि आंधळा सासरा. यशोदा नळावर बकुळेशी बोलत नसे, पण तिचा हंडा ओढताना बघत मात्र असे.

वाण्याचं दुकान उघडेना. चक्कीवाला दाराला कुलूप ठोकून बायकापोरांसह नातेवाइकांकडं निघून गेला. वाडीत हळूहळू तांदूळ संपले. डब्यांच्या तळाशी नाचणी होती, जोंधळा होता, पण अख्खा. अख्ख्या नाचणीचं काय करणार?

बकुळेच्या पडवीत मात्र जातं घरघरत होतं. तिनं ते आल्या आल्या जमिनीत बसवून भोवती मातीची पाळ घातली होती. त्याचा आवाज वाडीभर जायचा.

एका दुपारी यशोदा पडवीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. हातात दोन डबे.

"जातं द्याल का?" तिनं विचारलं. "घरी नेते. दळून लगेच परत आणून देते."

"उचलंल तुम्हाला?"

यशोदानं जात्याकडं बघितलं. चौघांनी आणलेला तो दगड. "मग तुम्हीच दळून द्या. डबे इथं ठेवते."

"मी काय चक्की न्हाय, डबा ठेवून जायला." बकुळा दळायची थांबली नाही. "दळायचं तर या वर. बसा समोर. या जात्याला दोन बाया लागतात. एकीला ओढत न्हाय."

हे खोटं नव्हतं. सुंदराबाईचं, म्हणजे तिच्या सासूचं जातं होतंच तसं जड. एकटीनं ओढलं तर चालायचं, पण भरड पडायची. बारीक पिठाला समोर दुसरी बाई हवी. खुंटा एकच. त्यावर एकीच्या मुठीवर दुसरीची मूठ यायची.

यशोदा पायरीशी उभीच राहिली. आतून तिच्या घरातला म्हातारा कुणाला तरी हाका मारत होता. तिनं मागं वळून बघितलं, वाडीत कुणी आहे का ते. संचारबंदीत कोण असणार? दारं लावून सगळे आत.

मग ती वर आली, पदर खोचला आणि समोर बसली. पण बसली ती मांडी घालून.

"तसं न्हाय. एक पाय लांब करा. हां, जात्याच्या कडंनं. दुसरा दुमडा." बकुळेनं नाचणीचा घास जात्याच्या तोंडात टाकला. "धरा खुंटा."

यशोदानं खुंटा वरच्या टोकाला धरला, बकुळेच्या मुठीपासून जमेल तेवढा दूर. जातं फिरलं आणि दोन फेऱ्यांत तिची मूठ घसरून बकुळेच्या मुठीवर येऊन बसली. तिनं ती काढली नाही. काढली असती तर जातं थांबलं असतं.

"गाणं येतं का?" बकुळेनं विचारलं. "गाण्यावर हात चालतो."

"सिनेमातलं येतं."

"ते नको. लवकर संपतं."

यशोदाला हसू आलं. बराच वेळ नुसतीच घरघर चालली. यशोदाला धाप लागली, तळहात लाल झाले. ती मुंबईतच वाढलेली, गिरगावच्या वाडीतली. दळण तिनं फक्त डब्यात बघितलेलं.

"तुमचं मालक कधी सुटणार?" बकुळेनं विचारलं.

"कोण सांगतंय? तुरुंगात जागा उरली नाही म्हणतात. मुंबई घेतल्याशिवाय येणार नाहीत बहुतेक." यशोदाच्या आवाजात अभिमान होता.

"मुंबईत हा नळ पण येतो," बकुळा म्हणाली. तिनं पुढचा घास टाकला. "हात ढिला पडला तुमचा. ओढा."

यशोदानं खुंटा घट्ट धरला. खाली बघत ओढत राहिली.

पहिला डबा संपला. दुसऱ्या डब्याला झाकण बांधायला लाल चिंधी होती. काठीच्या मुठीला होती तशीच, त्याच लुगड्याची. बकुळेनं ती सोडली, जवळ धरून बघितली आणि बाजूला ठेवली. यशोदा तिच्या तोंडाकडं बघत होती.

"म्हातारी तीन दिवस उकडलेल्या बटाट्यावर आहे," यशोदा हळू म्हणाली. "दात नाहीत तिला. मला म्हणाली, कुणाकडून दळलंस ते मला सांगू नको."

बकुळेनं नाचणी हातात घेतली. जुनी, किडकी होती. ती तिनं सुपात घेऊन पाखडली, खडे काढले आणि दळली. पीठ बारीक काढलं, बिनदाताच्या माणसाला चालेल असं. मग चिंधी जशी होती तशी बांधून दिली.

"उद्या नळावर सांगा ना तिला," यशोदा उठताना म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगा, माझ्या हातचं खाल्लंस म्हणून. मग काय बोलेल ती?"

"दळण दळणाच्या जागी," बकुळा म्हणाली. "पिठाच्या बदल्यात पाणी मागू? नळ काय तिच्या बापाचा हाय?"

*

संचारबंदी उठली त्या सकाळी पाणी यायच्या आधीच कुशाबा आला. अंगावरचे कपडे आठवडाभराचे, डोळे लाल. मागं गणपत आणि हातगाडी. रिकामी.

"चल," तो म्हणाला. "सामान भर. चाळीत चार पोरं गोळीनं गेली, बकुळे. तुम्ही दोघी इकडं एकट्या, कुणी हाक मारली तर ओ देणारं न्हाय. मला तिकडं झोप लागली न्हाय. बास झालं हे घर."

बकुळेनं त्याला बसायला पाट दिला. चहा दिला. नलू बापाच्या मांडीत जाऊन बसली.

"पाणी येऊ दे," ती म्हणाली. "भरून येते. मग बोलू."

"आता कशाला पाणी? जायचं तर हाय."

"गेलो तरी भाकरी खाऊनच जाणार ना?"

तिनं हंडा उचलला. गणपतनं कुशाबाकडं बघितलं. कुशाबानं चहाचा कप खाली ठेवला आणि नलूला कडेवर घेऊन पडवीच्या खांबाला टेकून नळाकडं तोंड करून उभा राहिला.

त्या दिवशी बकुळा हंडा ठेवून घरी आली नाही. नळाला घसघस वारा येत होता, पाणी यायची ती खूण. तिच्या पुढं फक्त दोन हंडे होते. ते भरले. तिचा नंबर आला. तिनं हंडा नळाखाली सरकवला, तशी लाल चिंधीची मूठ पुढं आली आणि हंड्याच्या काठाला लागली.

बकुळा खाली बसली. जात्यासमोर बसतात तशी. एक पाय लांब केला, एक दुमडला आणि हंडा दोन्ही पायांच्या मधे घेतला. एक हात हंड्यावर, एक नळाच्या तोटीवर.

"आजी, काठी आवरा," ती म्हणाली. "आजवर हंडा काढलात तो मी काढू दिला. आता हंड्याबरोबर मी पण हाय. काठीनं मी काय सरकायची न्हाय. मला उचलावं लागंल. उचला."

काठी तिथंच थांबली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तिला उचलायचं म्हणजे हात लावायला हवा. मागं कुणीतरी म्हणालं, "अगं पाणी जाईल, काय तो निकाल लावा." दुसरी म्हणाली, "तू लाव ना मग हात." पहिली मागं सरली.

बकुळेनं तोटी फिरवली. पाणी हंड्यात पडायला लागलं.

"यशोदे," गंगुबाई म्हणाली. "तुझो नंबर मागे आसा. सांग गो तिका."

यशोदाचा हंडा नेहमीप्रमाणं हातभर मागं होता. तिनं तो उचलला. तळहाताला फोड आले होते, म्हणून तिला तो पदरानं धरावा लागला. तिनं तो पुढं आणून बकुळेच्या हंड्याला लावून ठेवला. ठण्ण आवाज झाला. सगळ्यांना ऐकू गेला.

"भरा तुम्ही, बकुळाताई," ती म्हणाली. "मग मी भरते."

गंगुबाईनं काठी मागं घेतली. आपला हंडा रांगेतून काढला आणि देवळाच्या विहिरीकडं निघाली. विहीर बरीच लांब होती आणि चढाची वाट होती. तिच्या मागं आणखी दोघी गेल्या. बाकीच्या थांबल्या. त्यातल्या एकीनं यशोदाच्या हंड्यामागं हातभर जागा सोडूनच हंडा ठेवला. रांग पुढं सरकली.

गंगुबाई त्यानंतर मरेपर्यंत विहिरीचंच पाणी प्यायली. तिनं नळ सोडला, हट्ट सोडला नाही. बकुळेला त्याचा राग नव्हता. त्याच वर्षी दसऱ्यानंतर बकुळेच्या घराण्यानं धम्म घेतला आणि पडवीत बाबासाहेबांची तसबीर लागली. तेव्हाही गंगुबाई रस्त्याच्या पलीकडून जायची. पण चक्की कधी बंद पडली की लाल चिंधीचा डबा यशोदाच्या हातून यायचा. बकुळा दळून द्यायची. समोर यशोदा असायची.

त्या सकाळी बकुळा हंडा कमरेवर घेऊन परत आली तो काठोकाठ भरलेला होता. पडवीत ठेवताना थोडं पाणी जात्यावर सांडलं. तिनं पदरानं पुसलं.

कुशाबा खांबाशी तसाच उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं. गणपतनं विचारलं, "वहिनी, काय काय भरायचं गाडीत?"

"हितनं काय न्हाय," बकुळा म्हणाली. तिनं पिठाचा डबा ओढला आणि परातीत पीठ घेतलं. "भाकरी खा आन् गाडी घेऊन जा. चाळीत आत्याबाईंची खाट हाय, ती घेऊन या. माझ्या नवऱ्याला भुईवर झोप लागत न्हाय."

गणपत दादाकडं बघायला लागला.

कुशाबानं नलूला खाली ठेवलं, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि हातगाडीची दोरी तपासायला लागला. "गाद्या पण आणू," तो म्हणाला. "दोन हायत. आन् पाटा राहिलाय."